सर्वांत खालची खिडकी

३ नोव्हेंबर
पुनर्विकासाच्या मॉडेलसाठी विमानातून घेतलेला लायडारचा, म्हणजे लेझरच्या मोजणीचा, डेटा आला. गिरगावातली वाडी, शेजारच्या दोन वाड्या, रेल्वेच्या रुळांपर्यंतचा पट्टा. पडद्यावर नुसते ठिपके. तरी कौलं, पत्रे, पाण्याच्या टाक्या, वडाचा घेर लगेच ओळखू आले.

४ नोव्हेंबर
उंच्या जुळत नाहीत. उपग्रहाच्या हिशेबाने अख्खं गिरगाव उणे साठ मीटरच्याही खाली. ते अपेक्षितच, उपग्रहाची उंची ज्या गणिती पृष्ठभागावरून मोजतात, त्याच्या इतकी खाली मुंबईत समुद्राची सरासरी पातळी भरते. पण पालिकेच्या जुन्या नकाशांवर तिसरीच पातळी, टाउन हॉल डेटम. तिन्ही एका पायावर आणल्याशिवाय पुढे जायचं नाही. एका पायरीच्या फरकाने पावसाळ्यात घरात पाणी शिरतं.

७ नोव्हेंबर
ठोकळे तयार. सिटीजीएमएल या शहर-मॉडेलांच्या मानकाच्या भाषेत तपशिलाची पहिली पातळी: इमारतीचा तळ, उंची, वर सपाट झाकण. दुसऱ्या पातळीत छपरांचे उतार. दारं-खिडक्या तिसरीत. विकासकाशी झालेल्या करारात दुसरीपर्यंतच. मला खिडक्या हव्यात.

९ नोव्हेंबर
टेप घेऊन वाडीत. विमानाला गॅलरीच्या आतलं काही दिसत नाही, ते पायी फिरूनच भरावं लागणार. गॅलरीची रुंदी, खिडकीचा तळ, दाराची उंची. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी हटकलं.
"काय मोजतेस गं?"
"खिडकी, आजी. ऊन किती येतं ते काढायचंय."
"थंडीत भर दुपारी मोरीच्या उंबऱ्याला लागतं. ही लादी बघ. हिच्यापुढे नाही जायचं."
लादीचं माप घेतलं.

१४ नोव्हेंबर
सादरीकरणासाठी फिल्म मागितली आहे. समुद्राकडून उडत यायचं, काचांवर मावळतीचा प्रकाश. करून दिली. तिच्यात नव्या इमारतींचे खालचे पाच मजले झाडांमागे गेलेत, आणि झाडं पूर्ण वाढलेली. तशी व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतील.

१८ नोव्हेंबर
सॅन फ्रान्सिस्को, १९८४. सार्वजनिक बागांवर नवी सावली नको, म्हणून नागरिकांनी मतदानाने कायदा करून घेतला. ४० फुटांपेक्षा उंच इमारत असेल तर सावली आधी तपासायची. तेव्हा डिजिटल शहर नव्हतं. बर्कलीच्या विद्यापीठात शहराची छोटी प्रतिकृती होती आणि तिच्या रस्त्यांमधून कॅमेऱ्याचं बारीक भिंग फिरवत. डोळा रस्त्यावरच्या माणसाच्या उंचीवर. आमच्या फिल्ममधला डोळा ढगात आहे.

२० नोव्हेंबर
हेलसिंकीने शहराचं त्रिमितीय मॉडेल सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. नेदरलँड्समधल्या सुमारे १ कोटी इमारती डेल्फ्टच्या विद्यापीठाने मॉडेलमध्ये आणल्या, फुकट उतरवून घेता येतात. वाडीचं मॉडेल आमच्या ऑफिसातल्या संगणकावर. वाडीतल्या कुणीही ते अजून पाहिलेलं नाही.

२७ नोव्हेंबर
प्रस्तावित आराखडा मॉडेलमध्ये बसवला. विक्रीचा टॉवर दक्षिणेला, १५० मीटर. रहिवाशांच्या दोन इमारती त्याच्या मागे, उत्तरेला.
२२ डिसेंबरचा सूर्य लावला. मध्यान्ही सूर्य ४७ अंशांच्या थोडा वर. टॉवरची सावली उत्तरेकडे १३७ मीटर, दोन्ही इमारती तिच्यात. सकाळी ९ ला हीच सावली वायव्येला ३७० मीटर जाते, म्हणजे ती फक्त वाडीपुरती राहत नाही.
नियमावलीत इमारतींमधली मोकळी जागा मीटरमध्ये मोजतात. समूह पुनर्विकासात तीतही सवलत. उन्हाचे तास कुठेच नाहीत.

२ डिसेंबर
गोवंडीचा अभ्यास पुन्हा काढून वाचला. एम पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहती, २०१८. जिथे इमारती एकमेकींना खेटून, तिथे खालच्या मजल्यांवर उजेड-वारा नाही आणि क्षयाचं प्रमाण जास्त. नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत जेमतेम ३ मीटर. नकाशावर ते अंतर नियमात बसलं होतं. त्या वसाहती बांधायच्या आधी कुणी खालच्या खिडकीवर सूर्य फिरवून पाहिला असता तर?
झोप लागली नाही.

५ डिसेंबर
विकासकाच्या सल्लागारांचा तक्ता आला. मागच्या इमारतीच्या उत्तर बाजूला ऊन "समाधानकारक". वर्षाची सरासरी काढली आहे आणि आभाळ बाराही महिने निरभ्र धरलं आहे.
उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन मिळतं मार्चअखेर ते सप्टेंबर. मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परततो. तक्त्यातलं बहुतेक ऊन त्या दिवसांतलं. जून-जुलैत गिरगावात ऊन!

६ डिसेंबर
जून ते सप्टेंबर वगळून पुन्हा गणना. मागची इमारत, सर्वांत खालचा राहता मजला, उत्तर बाजू. ऑक्टोबर ते फेब्रुवारी: शून्य. दक्षिण बाजू, डिसेंबर: ३५ मिनिटं.
दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाठवले.

११ डिसेंबर
उत्तर नाही.

१५ डिसेंबर
सहकाऱ्याचं म्हणणं, चाळीत तरी सगळ्यांना कुठे ऊन होतं? खरं आहे. मॉडेलमध्ये बघितलं. दोन चाळींत ९ मीटर, समोरची ११ मीटर उंच. डिसेंबरात तळमजल्याच्या भिंतीवर मध्यान्हीही ऊन कमरेपर्यंतच उतरतं. जुनं ते सगळं चांगलं, असं मला म्हणायचंच नाही. पण तळमजल्यावरचा माणूस चार पावलं टाकून अंगणात येत होता. बाविसाव्या मजल्यावरून कुठे येणार?

२२ डिसेंबर
मुद्दाम आजचा दिवस धरून वाडीत गेले. मध्यान्ह १२ वाजून ३७ मिनिटांनी. आजींच्या खोलीत ऊन त्याच लादीवर. मॉडेलच्या रेषेत आणि उन्हाच्या कडेत दोन बोटांचं अंतर. एवढं पुरे. आता आकड्यांवर ठाम राहता येईल.
आजींनी तिळाची वडी हातावर ठेवली.

२८ डिसेंबर
चाळकमिटीची सभा. विकासकाची माणसंही होती, त्यांच्यासमोरच मॉडेल भिंतीवर उघडलं. फिल्म लावली नाही.
पहिला अर्धा तास दुरुस्त्यांचा. इथे विहीर आहे, बुजवलेली. तो पत्रा फक्त पावसाळ्यात असतो. ही भिंत गेल्या वर्षी पडली. सगळं टिपून घेतलं. इतका नेमका सर्व्हे कुठल्याही विमानातून होत नाही.
मग एकेकाचा प्रश्न: माझी खिडकी कुठली?
सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, घरं सोडतीने मिळणार. कुणाला कुठली, आज कोण सांगणार?"
मागून एक बाई उठल्या. "मग सगळ्यांनी खालचीच आपली धरा."
मी सर्वांत खालच्या खिडकीतून बाहेरचं दृश्य लावलं आणि १ जानेवारीचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरकवला. समोर भिंत. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं.

२ जानेवारी
विकासकाच्या आर्किटेक्टचा फोन. सूर सरळ. "पर्याय पाठवा, बघतो."

६ जानेवारी
पर्याय. टॉवर पूर्वेला सरकवला तर मागच्या इमारतीच्या दक्षिण बाजूला डिसेंबरात १ तास ५० मिनिटं. उत्तर बाजू तशीच. तिथे कुठलाही कोन चालत नाही. खालचे मजले राहण्यासाठी वापरूच नयेत: कमिटीचं ऑफिस, बालवाडी, सभागृह. ती घरं वर न्यायची. उंची वाढेल, खर्च वाढेल. टॉवरमधल्या काही घरांचा समुद्र जाईल. खरं भांडण तिथेच आहे.

१५ जानेवारी
सुधारित आराखडा. टॉवर सरकला, मागितल्याच्या निम्माच. उत्तर बाजूचे खालचे दोन मजले बिनराहते. दक्षिण बाजू आता १ तास १० मिनिटं.
आनंद झाला. पुरेसं नाही.

१७ जानेवारी
मॉडेलची प्रत आणि खिडकीनिहाय तक्ता सोसायटीला द्यावा, करारनाम्याला जोडावा, असं लिहून दिलं. आराखडा मंजुरीपर्यंत दहादा बदलतो. प्रत्येक बदलाला रहिवाशांना स्वतः सूर्य फिरवून बघता आला पाहिजे. उत्तर: डेटा गोपनीय.
ज्यांच्या घरांची मापं, त्यांच्यापासूनच गोपनीय. हे मला पटत नाही, आणि तसंच लिहिलं.

२१ जानेवारी
कमिटीचा ठराव झाला. तक्ता जोडल्याशिवाय संमतीपत्रावर सही नाही. सेक्रेटरींनी विचारलं, तक्ता मराठीत होईल का, फोनवर वाचता येईल असा?
होईल. रकाने ठरवले: मजला, खिडकीची दिशा, डिसेंबरचे तास, मार्चचे तास. पावसाळा वेगळा, बेरजेत धरायचा नाही. मार्चची गणना आत्ता लावली आहे, रात्रभर चालेल. सर्वांत खालचा मजला तक्त्यात सगळ्यांत वर घेणार आहे.