कांगड्यातील जुन्या छपरांची शाकारणी

हिमाचल प्रदेशात बाणगंगा आणि मांझी या नद्यांच्या संगमावर कांगड्याचा किल्ला उभा आहे. किल्ल्यात भगवान आदिनाथांची प्राचीन प्रतिमा विराजमान असल्याने जैन यात्रेकरूंना हे तीर्थ परिचित आहे. दर्शन घेऊन तटावर आले, की समोर धौलाधारची हिमरांग आणि तिच्या पायथ्याची खेडी दिसतात. तेथील जुन्या मातीच्या घरांवर करड्या दगडी पाट्यांची उतरती छपरे आहेत.

शाळेतील पाटी ज्या जातीच्या दगडाची, त्याच जातीचा हा दगड. धर्मशाळेजवळच्या खनियारा गावच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. छिन्नीने थर सोडवले, की त्याचे पातळ, सपाट तुकडे निघतात.

असे छप्पर गळू लागले, की घरधन्याला सर्व पाट्या जीर्ण झाल्यासारखे वाटते. वास्तविक दगड बहुधा शाबूत असतो. गंजतात ते खिळे आणि कुजतात त्या खालच्या लाकडी रिपा. माकडांच्या उड्यांनीही पाट्या सरकतात आणि पाणी वाशांपर्यंत पोहोचते. म्हणून जाणता कारागीर आढ्यापासून एकेक पाटी उतरवतो आणि बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजली तर ती पुन्हा चढते. बद्द वाजली तर तिला तडा गेलेला असतो. नव्या रिपा ठोकून वळचणीपासून वर काम चालते आणि खालच्या दोन पाट्यांचा सांधा वरच्या पाटीने झाकला जातो.

आज पुष्कळजण पत्रा पसंत करतात. तो हलका असतो व लवकर बसतो; पण उन्हात तापतो आणि पावसात कानठळ्या बसवतो. पाटीच्या वजनाचा प्रश्नही खरा आहे. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात या प्रदेशात सुमारे वीस हजार माणसे दगावली. म्हणून भिंती आणि वाशांचे जोड आधी भक्कम करावेत, मगच जड छप्पर पुन्हा चढवावे.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी खोदण्या-फोडण्याचा व्यवसाय, म्हणजे फोडीकर्म, येतो. जुनी पाटी पुन्हा वापरली, की तेवढा नवा दगड फोडावा लागत नाही. व्यापारी घराण्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही: शिल्लक माल नीट मोजल्याशिवाय नवी खरेदी करू नये.

कामाची वेळही यतनेने निवडता येते. चातुर्मास संपतो तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि वळचणीतील बहुतेक घरटी रिकामी झालेली असतात. तरीही प्रत्येक पाटी उचलताना खाली पाल, कोळी वा अन्य जीव आहे का, हे पाहून त्याला हलकेच बाजूला करावे. फुटक्या पाट्या अंगणातील पायवाटेला उपयोगी पडतात.