कोठारांतील दिवा

दिवा लावावयाचा म्हटलें कीं मनुष्य प्रथम दिव्याचा भाव विचारतो. अंधार नेमका कोठें आहे, हें पाहण्याचें त्याच्या मनांत येत नाहीं. या विषयावर आमच्या घरांत जी चर्चा झाली, ती इतर एकत्र कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

भिवंडीजवळील वडपे हें गांव आतां गोदामांचें म्हणूनच ओळखलें जातें. मुंबई-नाशिक महामार्गालगत पत्र्याचीं प्रचंड छपरें उभीं आहेत. जून २०२५ मध्यें पूर्णपणें खुल्या झालेल्या समृद्धि महामार्गाचें टोंकही जवळच आमणे येथें आहे. या झगमगाटापासून आंत, ओढ्यापलीकडे, आमचें जुनें कोठार आहे. भात, पेंढा, बियाणें व अवजारें त्यांत असतात. राखणदार, त्याची पत्नी व दोन मुलें पडवींत राहतात. तेथें वीज नव्हती. पेंढ्याशेजारीं कंदील जळे, आणि उंदरांमागून येणारें जनावर दोनदां उंबऱ्यापाशीं दिसलें. पुढचा पावसाळा अंधारांत काढणार नाहीं, असें राखणदारानें नम्रपणें पण स्पष्ट सांगितलें. माणूस गेल्यावर कोठार किती दिवस टिकणार? मग जागा विकणें एवढाच मार्ग उरला असता. आणि घरांतील निम्म्यांचें मत तसें होतेंही.

खांब टाकून तार आणावी, तर ती परक्या शेतांतून न्यावी लागे, आणि सर्वांची संमति मिळेना. आमचे थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, त्यांचा कौल डिझेलच्या जनित्रास होता. तें हुकमी खरें. परंतु चार दिव्यांसाठीं रात्रभर तें धडधडत ठेवणें, आणि पेंढ्याजवळ तेलाचा सांठा करणें, हें कोणासच रुचलें नाहीं. पुतण्यानें पवनचक्की सुचविली. वाऱ्याची शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत असते. वेग निम्मा झाला कीं शक्ति अष्टमांश उरते. म्हणूनच साताऱ्याकडील वनकुसवडे-चाळकेवाडीच्या उंच पठारांवर पवनचक्क्या शोभतात. ओढ्याकांठच्या खोलगट जागेंत नव्हे. राहतां राहिला सूर्य. २०२४ सालची पीएम सूर्यघर योजना वीजजोडणी असलेल्या घरांसाठीं आहे. तेव्हां खर्च पदरचाच करणें प्राप्त होतें.

पुतण्यानें पंखे, शीतकपाट, दूरदर्शन संच अशी लांबलचक यादी केली. तेव्हां सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, तिथें राहतं कोण? त्यांना कुणी विचारलं का?” विचारलें. राखणदाराची पत्नी म्हणाली, “आत दिवा नसला तरी चालंल, दारात आन् विहिरीच्या वाटेवर उजेड पायजे.” त्या यादींत हे दोन दिवे नव्हतेच! सूचीकटाहन्यायानें लोहार आधीं सुई करतो, मग कढई. तद्वत् लहान पण खरी गरज आधीं भागवावी, असें सर्वानुमतें ठरलें.

मग हिशेब सोपा झाला. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे पांच तास, म्हणजे १८० वॉट-तास. दारांतील पांच वॉटचा दिवा बारा तास, म्हणजे ६०. तीस वॉटचा एक पंखा सहा तास, म्हणजे १८०. मोबाइलसाठीं सुमारें २०. एकूण ४४०. हिशेब उन्हाळ्याचा न धरितां आषाढाचा धरावा. दाट ढगांत दिवसाकाठीं जेमतेम दोन तासांच्या भर उन्हाइतकी शक्ति मिळेल असें मानून दोनशें वॉटच्या दोन पट्ट्या घेतल्या: ८०० वॉट-तास, त्यांतून एक तृतीयांश गळती वजा जातां सुमारें ५३०. पट्ट्या दक्षिणाभिमुख, येथील अक्षांशाइतक्या, म्हणजे सुमारें १९ अंशांनीं कलत्या बसविल्या. कौलांवर भार नको म्हणून लोखंडी चौकट वेगळी उभारली.

बॅटरीवरून मात्र वाद झाला. शिसे-आम्लाची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी १,८०० वॉट-तास सांठविते. पण ती निम्म्याहून अधिक रिती केल्यास लवकर मरते, आणि भरतांना हायड्रोजन सोडते. पेंढ्याच्या कोठारांत हा वायु नको. लिथियम लोह-फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी १,२८० सांठविते व त्यांतील ऐशीं टक्के निर्धास्त वापरतां येतात. म्हणजे दोन दिवस निभतात. ती महाग म्हणून दादा रागावले. पण दर चार-पांच वर्षांनीं नवी बॅटरी घेण्याचा खर्च मांडून दाखवितां त्यांनीं स्वतःच होकार दिला. दिवे व पंखा बारा व्होल्टवरच चालणारे घेतल्यानें इन्व्हर्टर लागला नाहीं. बॅटरी पेंढ्यापासून दूर, विटांच्या कोनाड्यांत ठेविली, आणि तिच्या तोंडाशींच फ्यूज बसविला.

श्रावणांत सलग झड लागली तेव्हां चार रात्री पंखा बंद ठेवावा लागला. दिवे गेले नाहींत. महामार्गाची धूळ पट्ट्यांवर बसते, ती राखणदाराचा मुलगा पंधरवड्यानें पुसतो. जमीन विकावी कीं ठेवावी, हा प्रश्न घरांत अद्यापि आहेच. परंतु आतां त्याचा निर्णय अंधारास भिऊन करावा लागणार नाहीं. ज्या वाचकांचें असें दूरचें शेत वा खळें असेल, त्यांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं तेथें राहणाऱ्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: रात्रीं पाऊल टाकतांना तुम्हांस भीति कोठें वाटते?