चौलचें अग्निकुंड आणि आजीच्या पाटल्या

गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब चौलास रामेश्वराच्या दर्शनास गेलों. अलिबागेहून नागांव मागें पडलें कीं दुतर्फा नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात आणि भर दुपारींहि ऊन जाणवत नाहीं. एके काळीं या बंदरांत देशोदेशींचीं गलबतें येत. आतां तें वैभव उरलेलें नाहीं. देऊळ आणि पुढची पुष्करिणी मात्र तशीच आहे.

सभामंडपांत पर्जन्य, वायु व अग्नि अशीं तीन झांकलेलीं कुंडें आहेत. अग्निकुंडाशीं उभे राहून आम्ही संवयीनें नातवास पंचमहाभूतें सांगूं लागलों. तो मुंबईस पदार्थविज्ञान शिकतो. हंसून म्हणाला, "आजोबा, आजीच्या पाटल्यांतलें सोनें कोठून आलें?"

प्रश्न बोंचरा होता. तिच्या पश्चात् त्या पाटल्या मोडून नातीसाठीं नवा दागिना करावा कीं तशाच ठेवाव्या, हा वाद घरांत चालूच होता. आम्हीं म्हटलें, "पृथ्वीच्या पोटांतून." "आणि तेथें कोठून?" येथें आमची मास्तरकी अडली. मूलद्रव्य कधीं नवें घडत नाहीं, असें आम्हींच पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतलें होतें!

मग पुष्करिणीच्या पायऱ्यांवर बसून नातू शिकवूं लागला. मोठ्या ताऱ्यांच्या पोटांत हायड्रोजनपासून हीलियम, पुढें कार्बन, ऑक्सिजन असें होत होत मजल लोहापर्यंत जाते. लोहापुढें जोडणीतून ऊर्जा मिळत नाहीं. सोन्यासारखीं जड द्रव्यें न्यूट्रॉन गिळीत गिळीत घडतात. ही उपपत्ति १९५७ सालीं बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनीं सविस्तर मांडली; आपले जयंत नारळीकर हे हॉइल यांचेच शिष्य. पुढें २०१७ सालीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आढळली, तेव्हां तिच्या प्रकाशांत जड द्रव्यें घडल्याच्या खुणा मिळाल्या.

"पण ताऱ्याच्या पोटांत जाऊन पाहिलें कोणीं?" आम्हीं विचारलें.

जावें लागत नाहीं. तशीच टक्कर येथें घडवून मोजायची. मुंबईस कुलाब्याला १९८८ पासून पेलेट्रॉन नांवाचें यंत्र आहे. एक कोटी चाळीस लाख व्होल्टपर्यंतच्या विद्युद्दाबानें तें अणुगर्भांना वेग देतें. कोलकात्याच्या साहा संस्थेंत तर ताऱ्यांतल्या क्रियांसाठींच त्याहून पुष्कळ लहान यंत्र उभारलें आहे. लहान कां? ताऱ्यांतले अणुगर्भ त्या मानानें मंद असतात. दोघेहि धनभारित, म्हणून एकमेकांस लोटतात. असंख्य टकरींत एखादीच फळते. ती एक टिपायची तर अंतराळांतून येणाऱ्या किरणांचा गोंगाट नको. म्हणून इटलींत ग्रान सासो डोंगराखालीं, सुमारें १४०० मीटर खडकाच्या आड, असें यंत्र ठेवलें आहे. तेथें दिवसचे दिवस गणती चालते. (तपासणीच्या आदल्या रात्रीं ज्यानें हजेरीपट जुळविला आहे, त्यास हे कष्ट कळतील!) जेथवर मोजतां येतें तेथवर मोजायचें, त्याखालचें गणितानें ताडायचें. एवढें करूनहि कार्बनाचा ऑक्सिजन होण्याचा वेग अद्याप हवा तितका नेमका हातीं आलेला नाहीं.

सूनबाई इतका वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे सोनें ताऱ्यांच्या आगींतून निघालें, सोनाराच्या मुशींत त्याचें काय बिघडणार? मोडायच्या ना मग पाटल्या?"

सोन्याचें कांहीं बिघडणार नाहीं, हें आम्हांस मान्य होतें. पण चाळीस वर्षें हातांत वागवून तिनें त्यांची नक्षी गुळगुळीत केली होती, ती मुशींतून परत येणार नव्हती. आम्ही "नको" म्हणालों आणि चपला शोधूं लागलों.