आठ तासांचं बेट

॥ श्री ॥

चिपळूण,
१० ऑक्टोबर

चि. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मॉरिशसच्या पोर्ट लुईची यादी वाचून दाखवलीस आणि मी नुसतं ‘हं, हं’ करत राहिले. सात रंगांची माती, गंगा तलाव, विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड, धबधबा, कासवं, साखरेचा कारखाना, एक तरी समुद्रकिनारा आणि ‘वेळ उरला तर’ खरेदी. मी बोटांवर मोजत होते, अकरानंतर सोडून दिलं. तुमचं जहाज सकाळी आठला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार, साडेचारच्या आत सगळ्यांनी वर यायचं. म्हणजे हातात आठ तास. फोनवर बोलले असते तर तुला वाटलं असतं ताई मोडता घालते आहे. आणि व्हॉट्सअॅपवर एवढं लिहायला अंगठे साथ देत नाहीत. म्हणून हे पत्र.

आधी माझी फजिती ऐक. जानेवारीत आमचं जहाज पोर्ट लुईला दोनदा लागलं होतं, एकदा जाताना आणि एकदा रियुनियनहून परतताना. पहिल्या वेळी मी जहाजावरच्या सहलीचे पैसे भरले. बसमध्ये बेचाळीस माणसं. एक उतरायला वेळ लावणारा, एक चढायला, आणि प्रत्येक ठिकाणी बाथरूमची रांग. शामारेलची सात रंगांची माती कठड्याबाहेरून बघितली. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. लाव्हाचा दगड झिजून माती झाली, तिच्यातल्या लोखंडाने तांबडे-तपकिरी आणि अॅल्युमिनियमने निळे-जांभळे रंग आणले, असं मार्गदर्शक सांगत होता. पण तो सांगून संपेपर्यंत हॉर्न वाजला. गंगा तलावाला ढग उतरले होते. तिथली शंकराची मूर्ती तेहतीस मीटर उंच, पण आम्हाला दर्शन झालं ते गुडघ्यापर्यंत. परतताना शहराच्या तोंडाशी गाड्यांची ही रांग. वळणावळणाच्या रस्त्याने, बोटीत न लागलेली बोट मला बसमध्ये लागली. दिवसभरात जमिनीवर पाय टेकले ते सगळे मिळून दोन तासही नसतील.

बस बंदरात शिरताना डाव्या हाताला एक जुनं दगडी आवार दिसलं आणि फाटकावर देवनागरी अक्षरं: आप्रवासी घाट. घड्याळात साडेचार वाजून गेले होते. तो चारला बंद होतो. आपली माणसं ज्या धक्क्यावर उतरली तो धक्का आमच्या जहाजापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि मी दिवसभर बेटाच्या दुसऱ्या टोकाला माती बघत फिरत होते.

दुसऱ्या वेळी मी कुठल्याच बसमध्ये चढले नाही. तो दिवस तुला सांगते.

एक नियम मात्र आधी डोक्यात पक्का कर. जहाजाच्या सहलीची बस रखडली तर जहाज थांबतं. तुम्ही आपले आपण गेलात आणि उशीर झाला, तर ते थांबत नाही. स्वतः फिरायचं तर बंदराजवळ फिरायचं, ते याचसाठी. आणि घड्याळ जहाजाचं लावायचं, फोनचं नाही. तिथली वेळ आपल्याहून दीड तास मागे आहे, पण जहाजावर तीच पाळतील असं नाही. उतरताना शिडीपाशी विचारून घे. पासपोर्ट, टोपी, पाणी, छत्री. डिसेंबरात ऊन चटकतं आणि पाऊस न सांगता येतो. विनायकरावांना म्हणावं, बूट नकोत, सँडल घाला.

धक्क्यापासून कोदां वॉटरफ्रंटपर्यंत पायी पंधरावीस मिनिटं. दुकानं चकचकीत आहेत, ती सोड. तिथेच ‘ब्लू पेनी’ नावाचं लहानसं संग्रहालय आहे. १८४७ साली मॉरिशसने छापलेली दोन तिकिटं तिथे ठेवली आहेत, तांबडं एक पेनीचं आणि निळं दोन पेन्सचं. ब्रिटिश वसाहतींमधली ही सर्वांत पहिली तिकिटं. १९९३ मध्ये तिथल्या बँका आणि कंपन्यांनी वर्गणी काढावी तसे पैसे जमवून ती परत आणली. खरी तिकिटं दर तासाला थोडाच वेळ उजेडात दाखवतात, एरवी प्रतिकृती असते. तेव्हा गेल्या गेल्या खऱ्या तिकिटांची वेळ विचार. मी काळोखात उभी होते, दिवा लागला, आणि नखाएवढ्या कागदातून व्हिक्टोरिया राणी बघायला लागली. बाबा आपल्या पाकिटांवरची तिकिटं वाफ देऊन सोडवायचे, आठवतं? त्यांना तुला एक सांगायचं होतं असं समज: त्या तांबड्या तिकिटांची जोडी लावलेलं एक पाकीट मॉरिशसहून मुंबईला आलं होतं. पुढे ते भारतातल्याच एका बाजारात कुणा जाणकाराच्या हाती लागलं आणि १९६८ च्या लिलावात त्याला तीन लाख ऐंशी हजार डॉलर मिळाले. माझ्या या पत्राचं पाकीट नीट फोड.

तिथून मोठ्या रस्त्याखालच्या भुयारी वाटेने पलीकडे गेलं की बाजार. इथे घाई करू नकोस. फळं रचायची पद्धत, पाण्याचा शिडकावा, हाका, सगळं आपल्या बाजारासारखंच, पण कान वेगळं ऐकतात. लोक क्रिओल बोलतात. फ्रेंच आहे असं वाटतं, मधेच एखादा शब्द थेट आपल्या विळीवर येऊन पडतो. वांगं म्हणजे ‘ब्रेंजेल’. कोथिंबिरीला ‘कोतोमिली’. एका बाईपुढे शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या होत्या. मी बोट दाखवलं, ती म्हणाली, ‘ब्रेद मुरुम’. मुरुम म्हणजे तमिळ मुरुंगा. पाला तमिळ, ‘ब्रेद’ फ्रेंचांकडून आलेलं, विकणारीच्या कपाळावर टिकली. तिने मला जुडी घेणार का असं खुणेने विचारलं. जहाजावर शेवग्याची भाजी कोण करून देणार! पण तिचा दहा मिनिटांचा वेळ खाल्ला म्हणून चार मिरच्या घेतल्या. तिने परत दिलेल्या नोटेवर तमिळ अक्षरं होती आणि देवनागरीही.

जेवायला कुठे बसू नका. बाजाराच्या कडेला डालपुरीच्या गाड्या असतात. ज्या गाडीपुढे कचेरीतले लोक रांगेत आहेत, तिथे उभी राहा. डालपुरी जोडीनेच देतात. पुरी नावालाच. पातळ, मऊ, आत हळद-जिऱ्याची वाटलेली डाळ. पुरणपोळी करणारी गूळ घालायला विसरली असं वाटतं. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं ‘रुगाय’, हिरवी चटणी, गुंडाळून कागदात. तिखट विचारतील, ‘थोडं’च म्हण. नंतर ‘आलुदा’: दूध, सब्जा, आगार-आगारच्या शेवया. फालुदा समुद्र ओलांडताना नावातला ‘फ’ बुडवून बसला. विनायकरावांना डाळवडा आवडतो, तर ‘गातो पिमां’ नावाने तो तिथेही मिळतो.

आता घाट. आठवड्यात तो नऊ ते चार असतो, शनिवारी दुपारपर्यंतच, आणि रविवारी बंद. ब्लू पेनीही रविवारी बंद असतं. तुमचा वार कुठला येतो ते आजच बघ. रविवार आला तर यादी खरंच वेगळी करू.

बघायला तिथे फारसं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर फाटकातून वळशील. द्वाररक्षकाची खोली, दवाखान्याची इमारत, स्वयंपाकघराचे आणि मोऱ्यांचे अवशेष, माणसं उतरत त्या दगडी पायऱ्या. आवाराचा काही भाग तर पुढे रस्त्याने खाल्ला. पण शेजारच्या दालनात आधी अर्धा तास घालव, मग हे दगड वाचता येतात. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, ‘अॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर उतरले होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. तो प्रयोग जमला म्हणून पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या वाटेने आली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, काही मुंबईहून. मुंबईच्या वाटेने आलेल्यांत आपल्या रत्नागिरीकडचे पुष्कळ. एकदोन दिवस या आवारात काढायचे आणि मग मळ्यावर. घाटाचं ‘कुली घाट’ हे जुनं नाव १९८७ मध्ये बदललं. २००६ मध्ये तो जागतिक वारसा झाला.

लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून येताना दाभोळला बोट थांबायची, तेव्हा आपण कठड्याला लटकून खाली पडावात उतरणारी माणसं मोजायचो. डोक्यावर ट्रंक, काखेत पोर. घाटाच्या पायरीपाशी मला ते आठवलं. ती माणसं घरी येत होती, एवढाच फरक. पण तो केवढा.

पायऱ्यांपाशी एक रखवालदार उभा होता. जाड भिंगांचा चष्मा, पन्नाशीचा. मी भारतातली म्हटल्यावर त्याने भाग विचारला आणि मग अगदी पाठ्यपुस्तकातल्या मराठीत, एकेक शब्द वेगळा करत म्हणाला, “आपण कुठून आला आहात?” शाळेत तो काही वर्षं मराठी शिकला होता. घरी क्रिओल. गणपतीला सुट्टी असते, आरत्या त्याला सगळ्या पाठ आहेत, अर्थ निम्म्यांचा माहीत. त्यांच्याकडे अजून ‘झाकरी’ नाचतात म्हणाला. म्हणजे आपली जाखडी गं, बाल्या नाच! चिपळूण त्याला ठाऊक नव्हतं. रत्नागिरी म्हटलं तर चेहरा उजळला. मला वाटलं आता हा खापरपणज्याचं गाव विचारणार, मी डोळे पुसायच्या तयारीत. त्याने विचारलं, “रत्नागिरी. गिरी म्हणजे डोंगर. डोंगर केवढा आहे?”

सुलू, मला उत्तर येईना. जन्म त्या जिल्ह्यात गेला. रत्नागिरीला समुद्र आहे, आंबा आहे, किल्ला आहे, एसटीचं स्टँड आहे. डोंगर केवढा? त्याच्यामागे पोर्ट लुईचे डोंगर उभे होते, अंगठ्यासारखा सुळका असलेला ‘ल पूस’ तर आठशे मीटरांच्या वर. अशा डोंगराखाली राहणाऱ्याला, ज्या गावाच्या नावातच डोंगर आहे तिथे तो केवढा असेल, हे विचारावंसं वाटणारच. मी ‘आहे, आहे’ असं काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात शाळेची मुलं आली आणि तो तिकडे गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

त्या सुळक्यावरून आठवलं. १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाज इथे थांबलं तेव्हा डार्विन ‘ल पूस’वर चढून आला होता. आणि १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींची बोट इथे बरेच दिवस अडकली, तेव्हा ते उतरून माणसांत हिंडले. एक रात्र तर गव्हर्नरकडे पाहुणे होते. तिथल्या भारतीयांना त्यांनी मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला असं सांगितलं. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर वकिली करायला तिथे गेले, ते गांधीजींच्याच सांगण्यावरून. थांबा मिळाला की माणसाने एक तर डोंगर चढावा, नाही तर चार माणसांशी बोलावं. या दोघा थोर माणसांपैकी कुणीही अकरा ठिकाणं केली नव्हती.

एवढं करून तुझ्याकडे दोन-अडीच तास राहतील. तरतरी असेल तर टॅक्सी करून, भाडं आधी ठरवून, पांप्लेमूसची बाग बघा. अकराएक किलोमीटर आहे. थाळ्यांसारखी पानं असलेली ती मोठी कमळं तिथे बघायला मिळतात. पहिल्या रात्री फूल पांढरं उमलतं, दुसऱ्या रात्री गुलाबी होतं. पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसाने डचांची मक्तेदारी मोडून जायफळ-लवंगेची रोपं मॉरिशसला आणली, ती याच बागेत लावली. आपल्या परसातल्या जायफळाकडे बघण्याची नजर बदलते. दीडला निघा, साडेतीनला धक्क्यावर या. पाय दुखत असले तर कोदांच्या कट्ट्यावर बसून राहिलात तरी चालेल. बेट कुठे जात नाही, जायचं आपल्याला असतं.

आता एक काम. पाकिटात एक फोटो आहे. परवा मुद्दाम रत्नागिरीला गेले आणि भगवतीच्या किल्ल्याच्या पायऱ्यांवरून काढून घेतला. खाली बंदर, वर तटबंदी, मधे जांभ्याचा चढ. मागे मराठीत लिहिलं आहे, मोठ्या अक्षरांत, त्याला वाचता येईल असं. घाटावर जाड भिंगांचा रखवालदार दिसला तर दे. रजेवर असला तर आत कुणाकडे तरी ठेव. आणि तोंडीही सांग: डोंगर लहान आहे, तुमच्या डोंगराच्या कंबरेलाही लागणार नाही. पण चढताना दम लागतो.

विनायकरावांना नमस्कार. बोट लागू नये म्हणून आवळासुपारी वेगळी पाठवते आहे.

तुझी,
ताई