आजीचं पान

१९९९च्या मे महिन्यात सांगलीच्या घरी विंडोज ९८ असलेला कॉम्प्युटर आला. स्टार्ट मेन्यूत चाचपडताना 'फ्रंटपेज एक्स्प्रेस' सापडलं. क्लिक केलं तर समोर कोरं पांढरं पान, वर ओळखीची बटणं आणि लुकलुकणारा कर्सर. वेबपेज करायला कोड यावा लागतो, एवढंच मी ऐकून होते. इथे तर नुसतं लिहायचं होतं.

लिहायला माझ्याकडे आजी होती. तिच्या जात्यावरच्या ६३ ओव्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. युनिकोड तेव्हा आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. 'शिवाजी'सारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. दोन रकान्यांचं टेबल आखलं, हळदीच्या रंगाची पार्श्वभूमी दिली, ओव्या भरल्या. आजी शेजारी पाट घेऊन बसायची. आपला शब्द पडद्यावर उमटला की काचेला बोट लावायची.

एके दुपारी व्ह्यू मेन्यूतलं 'एचटीएमएल' दाबलं आणि पानाची उलटी बाजू दिसली, भरतकामाच्या मागच्या दोऱ्यांसारखी. जाड केलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना कंस, प्रत्येक ओळीला फॉन्टचं नाव. एक कंस मुद्दाम पुसला, काय बिघडतं ते पाहिलं. माझा पुढचा सगळा व्यवसाय त्या दुपारी सुरू झाला.

एक्स्प्रेस ही फ्रंटपेजचीच छोटी आवृत्ती. पुढे नोकरीत लोक फ्रंटपेजच्या गबाळ्या कोडची टिंगल करत. कोड गबाळा होता हे खरंच. पण नवख्याला कोऱ्या पानासमोर बसवून ठेवणं हे त्या साधनाचं काम होतं आणि ते त्यानं चोख केलं, असं मला आजही वाटतं. त्याच काळात सर्व्हरवर '_व्हीटीआय_'नं सुरू होणारे फोल्डर रोज दिसायचे. ती अक्षरं व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या कंपनीची, हे फार उशिरा कळलं. चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत ती काढली, डच चित्रकार व्हर्मीरचं नाव दिलं. फ्रंटपेज तिचंच, १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कंपनीच विकत घेतली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात, घरकामात गुंतलेल्या बायका रंगवणारा तो चित्रकार! आजीच्या ओव्या योग्य घरी पडल्या होत्या.

एक्स्प्रेस तर लवकरच विंडोजमधून गेलं, २००६ मध्ये फ्रंटपेजही थांबलं.

गेल्या दिवाळीत जुन्या सीडीवर ती फाइल मिळाली. ब्राउझरनं उघडली. हळदीचा रंग तसाच, टेबल तसंच, अक्षरं मात्र इंग्रजी चिन्हांचा निव्वळ गुंता. जुना फॉन्ट शोधून बसवला आणि ओव्या परतल्या. त्या युनिकोडमध्ये नेताना माथ्यावरची 'फ्रंटपेज एक्स्प्रेस २.०' ही नोंद मी काढली नाही.

एकतिसाव्या ओवीचा शेवटचा चरण आजीला तेव्हा आठवला नव्हता. तिथे मी टिंबं दिली होती. आईला वाचून दाखवत होते. टिंबांशी थांबले, तर तिनं भाजी निवडता निवडता तो चरण म्हटला. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं आणि टिंबं पुसली.