भ्रूणाच्या माध्यमातले जेंटामायसिन

भ्रूण वाढवण्याच्या माध्यमात प्रतिजैविक घातले जाते ते भ्रूणासाठी नव्हे, त्याच्यासोबत येणाऱ्या जंतूंसाठी. स्त्रीबीज योनिमार्गातून सुईने काढतात, वीर्य निर्जंतुक नसतेच, आणि ३७ अंशांचा इन्क्युबेटर ई. कोलायलाही मानवतो. पूर्वी पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनची जोडी सर्रास असे. आता बऱ्याच तयार माध्यमांत जेंटामायसिन असते, साधारणपणे मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. पेनिसिलिन उष्णतेत हळूहळू निकामी होते, जेंटामायसिन टिकते. जंतूंविरुद्ध कामी येणारा हा टिकाऊपणाच भ्रूणाच्या दृष्टीने काळजीचा आहे.

पेनिसिलिनचा घाव जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर पडतो, आणि प्राण्याच्या पेशीला ती नसते. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटतात. मायटोकॉन्ड्रियाचे रायबोसोम त्याच कुळातले. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतील एक बदल असलेल्या माणसांना या गटातल्या औषधांनी बहिरेपण येते, तेव्हा ही भीती निव्वळ तर्काची नाही. हे रेणू पेशीत सहज शिरत नाहीत, एवढाच दिलासा.

खरी अडचण अशी की नुकसान दिसत नाही. १९९६ मध्ये इटलीत मॅग्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की प्रतिजैविकाविना ठेवलेले मानवी भ्रूण अधिक वेगाने विभागतात. औषधाने भ्रूण मरत नाही, मागे पडतो. तिसऱ्या दिवशी आठऐवजी पाच पेशी दिसल्या की दोष स्त्रीबीजाला, वयाला, इंजेक्शनांना दिला जातो. माध्यमाकडे कोणी बोट दाखवत नाही. माध्यम विकणाऱ्या कंपन्या उंदराच्या भ्रूणावरील चाचणी पुढे करतात. पण त्या चाचणीतला संकरित उंदराचा भ्रूण मुळातच काटक. त्याचा निर्वाळा नाजूक मानवी भ्रूणाला पुरत नाही. भ्रूणतज्ज्ञाचा अहंकारही आड येतो. डिश महिनोन्महिने स्वच्छ राहिली की श्रेय तो आपल्या हाताला देतो, आणि त्यातले किती जेंटामायसिनचे, हे तपासायला धजत नाही.

संयुक्त अरब अमिरातीतल्या अबुधाबीत प्रतिजैविक सोडण्याची ही भीती समजण्याजोगी होती. अमिरातीच्या २००८ च्या कायद्यात भ्रूण गोठवण्यास परवानगी नव्हती. डिश दूषित झाली तर पूर्ण प्रयत्न वाया जाई, राखीव काही उरत नसे. २०१९ च्या कायद्याने ती परवानगी दिली. तरीही प्रतिजैविक म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. कँडिडा या बुरशीवर त्याचा परिणाम होत नाही, आणि मेलेल्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन माध्यमात राहून भ्रूणाला बाधते.

याच अमिरातीतील अल ऐन येथे उंटांचे भ्रूण प्रत्यारोपण होते, आणि तिथेही जंतूंचा प्रश्न येतो. गायीचा भ्रूण पारदर्शक आवरण शाबूत असताना पुन्हापुन्हा धुऊन जंतुमुक्त करता येतो. उंटिणीच्या गर्भाशयातून मिळणारा भ्रूण बहुधा आवरणातून बाहेर पडलेला असतो, त्यामुळे धुण्यावरचा तो भरवसा तिथे लागू पडत नाही आणि प्रतिजैविकावर विसंबावे लागते. पण त्याचा औषधाशी संबंध काही तासांचा असतो. मानवी भ्रूण औषध असलेल्या माध्यमात पाच-सहा दिवस राहू शकतो.

म्हणून प्रतिजैविकाची जागा स्त्रीबीज काढताना आणि वीर्य धुताना आहे. इक्सी पद्धतीत स्त्रीबीजात सुईने एकच शुक्राणू सोडला जातो, वीर्यातले जंतू डिशपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. अशा भ्रूणांना पुढचे दिवस प्रतिजैविकाविना ठेवणे हेच अधिक योग्य.