चाकांवरच्या घरातून आरे-वारेला

मुलांनो, हे नाव आधी मोठ्यानं म्हणून बघा. आरे-वारे! एखाद्या बडबडगीतातले शब्द वाटतात ना? पण ही खरीखुरी गावं आहेत. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या रस्त्यावर ती लागतात. आऱ्याचा एक समुद्रकिनारा, वाऱ्याचा दुसरा, आणि मधे समुद्रात घुसलेली टेकडी. रस्ता या टेकडीवर चढतो आणि एका वळणावर दोन्ही किनारे एकदम समोर येतात. इथे गाडी थांबली नाही, असं सहसा होत नाही!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिथे गेलो ते चक्क चाकांवरच्या घरातून. आठवीतली ताई, पाचवीतला धाकटा, आम्ही दोघं आणि आजी. अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. आत बसायचे बाक रात्री पलंग होतात. छोटासा ओटा असतो, पाण्याची टाकी असते, न्हाणीघरही असतं. परदेशात अशी भटकंती जुनीच. आपल्याकडे महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ साली आणलं.

कोल्हापूरहून निघालो, मलकापूर मागे टाकलं आणि आंबा घाट आला. हा घाट म्हणजे पाण्याची वाटणी करणारा न्यायाधीशच! घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस कडवी नदीतून वारणेला, वारणेतून कृष्णेला मिळतो आणि पार आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला पडलेला पाऊस मात्र काजळी नदीतून थेट रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत उतरतो. एकाच ढगातले दोन थेंब, पण एकाचा प्रवास हजार किलोमीटरहून जास्त आणि दुसऱ्याचा शंभराच्याही आत! म्हणूनच कोकणातल्या नद्या आखूड आणि उतावळ्या.

साखरपा, हातखंबा करत रत्नागिरी गाठली आणि किनाऱ्याचा रस्ता धरला. रस्ता अरुंद, एका बाजूला माडांच्या बागा. समोरून एसटी आली की आमच्या घराला अंग चोरून उभं राहावं लागे. धाकट्याला त्याचीच गंमत वाटत होती. मुक्कामाला नेवऱ्याला एका घराच्या खळ्यात गाडी लावली. टाकीतलं पाणी संध्याकाळीच संपत आलं, तेव्हा रोज आपण किती पाणी वाया घालवतो ते सगळ्यांना कळलं!

रात्री धाकट्यानं विचारलं, "आजी, उद्या भरती किती वाजता?"

आजीचं माहेर कोकणातलं. ती म्हणाली, "त्यात काय अवघड? तिथीची पाऊणपट कर!"

तुम्हीही करून बघा. दुसऱ्या दिवशी पंचमी होती. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. तेव्हा पूर्ण भरती साधारण पावणेचारला. तिच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्याबरोबर भरतीही तेवढीच पुढे सरकते. जुन्या लोकांनी हे गणित पाऊण तासात बसवलं. ते ढोबळ आहे, पण कामाचं आहे.

सकाळी ओहोटीला वाऱ्याचा किनारा गाठला. सुरूच्या बनातून वारा शीळ घालत होता. ओल्या वाळूवर नखाएवढ्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी काढून ठेवली होती. हे खेकडे वाळूतले अन्नकण खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. जरा पाऊल वाजलं की सगळे बिळात गुडूप!

कोणीतरी आपली मोटार थेट वाळूत उतरवली होती. चाकं रुतली आणि ढकलणाऱ्यांची दमछाक झाली. भरती चढायच्या आत ती निघाली म्हणून बरं. आमचं घर मात्र वर, डांबरी रस्त्याच्या कडेलाच होतं.

संध्याकाळी पाचला पुन्हा गेलो. सूर्य कलला होता, गर्दी वाढली होती. धाकट्यानं पाण्यात एक जागा हेरली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, पण तेवढ्या पट्ट्यात पाणी अगदी शांत होतं. "आई, मी तिथे जातो, तिथे लाटा नाहीत!"

शहाळी विकणारे एक काका हातातलं काम टाकून पुढे आले. "तिथे नका सोडू हो त्याला. लाट नाही तिथेच ओढ असते."

काकांचं म्हणणं नीट समजून घ्या, मुलांनो. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. त्या पाण्याला परत जायला वाट लागते. वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेनं ते जोरात मागे फिरतं. तिथे पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत आणि जरा गडद दिसते. खडकांच्या बाजूला आणि खाडीच्या मुखाशीही अशी ओढ असते. भरती सरून ओहोटी लागली की ती सहसा वाढते. आणि पंचमीला पाच वाजता नेमकी ओहोटीच लागलेली होती!

याच आरे-वारेच्या किनाऱ्यावर जुलै २०२५ मध्ये एकाच कुटुंबातले चौघे जण बुडाले. पावसाळ्यात तर या समुद्रात पाऊलही टाकू नये.

आणि कधी ओढीत सापडलाच तर? किनाऱ्याकडे सरळ पोहत येण्याची धडपड करायची नाही. प्रवाहाशी झुंजून भले भले पोहणारे थकतात. तरंगत राहा, हात वर करून ओरडा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो. तो ओलांडला की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. दुसरं कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका. झाकण लावलेला रिकामा कॅन, दोरी, जे तरंगेल ते फेका, गावकऱ्यांना हाक मारा, ११२ ला फोन करा.

त्या संध्याकाळी धाकट्यानं घोट्याएवढ्या पाण्यात, बाबांचा हात धरून, मनसोक्त दंगा केला. मजेत तसूभरही कमी पडलं नाही. दुसऱ्या दिवशी मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक बघून आम्ही घाटाकडे वळलो.

तुम्हीही आरे-वारेला जरूर जा. निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा, पाऊणपट करा आणि उत्तर आईबाबांना सांगा. किनाऱ्यावर पोहोचलात की समुद्राकडे निदान दहा मिनिटं नुसतं बघत बसा. लाट कुठे फुटते, कुठे फुटत नाही, ते ओळखा. मग गावातल्या माणसाला विचारा, आणि तो "नको" म्हणाला तर खुशाल वाळूचा किल्ला बांधायला घ्या!